शेपटीतली अँटेना

विमान रंगवून झालं त्याच आठवड्यात तारवालीनं सांगितलं, शेपटी कापावी लागेल.

तिची नणंद तेव्हा स्टुलावर बसून हातावरचे रंगाचे डाग घासून काढत होती. शाळेत रेखाटन शिकवून निवृत्त झालेली ही बाई सात वर्षं टायरच्या दुकानामागच्या गोदामात दोघांपुरतं विमान बांधत होती. तारवाली तिला वन्सं म्हणायची, म्हणून हळूहळू टायरवालासुद्धा वन्सं म्हणायला लागला होता. शेपटीचं उभं पातं वन्संनी लांबी-पुट्टी भरून, तीन-तीनदा घासून आरशासारखं केलं होतं. त्यांनी मानही वर केली नाही. "उद्या म्हणशील इंजिन मागं लाव," एवढंच म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या.

तारवालीनं सव्वीस वर्षं विमानांचे रेडिओ दुरुस्त केले होते. अँटेनासाठी भोक कुठं पाडायचं ते साहेब ठरवणार, पाडायचं तेवढं हिनं. एकदा तिनं कामाच्या वहीत लिहिलं की दाखवलेली जागा चुकीची आहे. त्याचं बक्षीस म्हणून तिला भांडारात स्क्रू निवडायला बसवलं. वर्षभर तिनं स्क्रू निवडले, पण वहीतली ओळ काही खोडली नाही. मग नोकरीच सोडली.

या विमानाला तीन अँटेना लागणार होत्या. त्यातल्या दोन अँटेनांची जागा न भांडता ठरली. वाट दाखवणारी जीपीएसची चपटी गोळी समोरच्या फळीवर, काचेखाली. रडारला आपली ओळख सांगणारी बोटभर अँटेना पोटाखाली, माणसांपासून लांब, आत बशीएवढी धातूची चकती देऊन. घोडं अडलं ते बोलायच्या अँटेनावर. ती हातभर लांब आणि विमानाचं पोट जमिनीपासून जेमतेम दोन वीत, म्हणजे खाली लावायचा प्रश्नच नव्हता.

मैदानावरच्या फ्लाइंग क्लबच्या कॅप्टननं एका फेरीत निकाल दिला. बसायच्या जागेमागं, पाठीवर, क्लबच्या चौदा विमानांना आहे तशी. त्यानं खिशातून खडू काढून नव्याकोऱ्या रंगावर फुली मारली. तारवालीनं शांतपणे सांगून पाहिलं की ती चौदाही पत्र्याची आहेत. पाठीवरच्या काडीला पायाखाली पत्रा लागतो आणि हे विमान फायबरचं आहे. शिवाय डोक्यामागं पोलादी कमान, ती पुढची बाजू अडवणार. शेपटीच्या पात्यात मात्र लोखंडाचा तुकडा नाही. तिथं आतून तांब्याच्या दोन पट्ट्या, एक वर आणि एक खाली, अशा चिकटवल्या तर पत्र्याची गरजच राहत नाही.

"बाई, मी चाळीस वर्षं विमान उडवतोय," कॅप्टन म्हणाला.

"हो ना. त्यातली सव्वीस वर्षं मी दुसऱ्या टोकाला कान लावून बसले होते."

वन्संनी तिची बाजू घेतली नाही. घरी जाताना गाडीत म्हणाल्या की कॅप्टनच्या शिफारशीशिवाय उडायची परवानगी देणारा तपासनीस येत नाही, शेपटी उघडायची म्हणजे महिना गेला, आणि आपल्याला सदुसष्टावं लागलंय. वैमानिकाच्या परवान्यासाठी डॉक्टर दर वर्षी डोळे तपासतात आणि दर वर्षी जरा जास्त वेळ घेतात. एकदा ते नको म्हणाले की विमान गोदामात शोभेला ठेवायचं. घराच्या वळणावर तारवालीनं एवढंच मागितलं की भोक पाडायच्या आधी एक सकाळ मला द्या. कॅप्टनची जागा बरोबर निघाली तर मी स्वतः ड्रिल चालवीन.

रविवारी त्यांनी विमान मैदानात काढलं. फुलीवर काडी उभी केली, पाठीच्या आतल्या बाजूनं चंदेरी कागद चिकटवून पत्र्याचीही सोय केली. कसर नको म्हणून तारवालीनं तो कागद मोठाच घेतला. वन्सं आत बसल्या, तारवाली हातातला रेडिओ घेऊन पार कुंपणापर्यंत चालत गेली. कॅप्टन आणि टायरवाला शेपटी धरून विमान थोडंथोडं फिरवत होते, आणि प्रत्येक वळणावर वन्सं एक ते दहा म्हणत होत्या. शेपटी तारवालीकडे असताना दहाच्या दहा आकडे आले. आडव्या बाजूंनीही आले. विमानाचं नाक तिच्याकडे वळलं आणि तीननंतर नुसती खरखर उरली. मग तारवालीनं आकडे म्हटले, तर वन्संनाही खरखरच ऐकू आली.

ती चालत परत आली तेव्हा कॅप्टन समजावत होता की प्रत्येक विमानाची एखादी बाजू बहिरी असतेच. थोडं वळायचं आणि बोलायचं.

"उतरताना माझं नाक तुमच्या मनोऱ्याकडेच असणार," वन्सं म्हणाल्या. "तेव्हा वळू कुठं?"

कॅप्टन हसला. म्हणाला, बाईमाणसांनी इथपर्यंत आणलं हेच खूप झालं, आता हट्ट पुरे.

वन्संनी काडी उपटून टायरवाल्याच्या हातात दिली आणि शर्टाच्या बाहीनं फुली पुसून टाकली. गोदामात आल्यावर तोंडाला फडकं बांधून बारीक पात्याची करवत घेऊन उभ्या राहिल्या.

"कुठून कापायचं ते सांग."

"वन्सं, मी कापते."

"मी बांधलंय, मीच कापणार. तू रेघ मार."

दुपारी तारवालीचा नवरा डबा घेऊन आला. बहीण आणि बायको, दोघी पांढऱ्या धुळीत नखशिखांत माखलेल्या, मधे भगदाड पडलेली शेपटी. त्यानं डबा दारातच ठेवला आणि तो आल्या पावली परत फिरला.

पट्ट्या लागल्या, वायर पुढं नेली, पातं बंद झालं. महिन्याच्या कामाला पाच आठवडे लागले. पहिला रंग बाजारात मिळेना, म्हणून ठिगळ जरा फिकटच राहिलं. कॅप्टननं शिफारस दिली नाही, वर विमान क्लबच्या रांगेतून काढून कुंपणाजवळ लावायला सांगितलं. वन्संनी नियमावली पहिल्या पानापासून वाचली. शिफारस हवी असं त्यात कुठंही नव्हतं. इतकी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी तपासनिसाला थेट पत्र घातलं.

तपासनीस आला, तो मितभाषी माणूस होता. अँटेनाची जागा कुणी ठरवली, त्यानं विचारलं. वन्संनी भावजयीकडे बोट केलं. त्यानं कागद पुढं सरकवला आणि तारवालीनं सही केली. सही ठसठशीत आली. मग तो स्वतः पलीकडच्या कुंपणापर्यंत चालत गेला आणि चारही दिशांनी दहा-दहा आकडे ऐकून आला. शेपटीच्या आतल्या मापांचा कागद मला एक द्याल का, असंही त्यानं विचारलं. क्लबच्या दारात कॅप्टन चहाचा कप घेऊन उभा होता. तो आत निघून गेला.

परवानगी हातात आली आणि पुढच्या सोमवारी सकाळी वन्सं एकट्याच वर गेल्या. तारवाली कुंपणाला टेकून, रेडिओ कानाशी धरून उभी होती. विमानानं मैदानाभोवती पूर्ण फेरी घातली. नाक तिच्याकडे, पंख तिच्याकडे, शेपटी तिच्याकडे, पुन्हा नाक. प्रत्येक वेळी एक ते दहा, शेजारी बसून बोलावं इतके स्वच्छ. चौथ्यांदा दहा म्हणून झाल्यावर वन्संनी मोजणं थांबवलं.

"आकडे पुरे झाले," रेडिओत त्यांचा आवाज आला. "मी उतरतेय. तू टोपी घालून तयार राहा, शेजारची जागा रिकामी आहे."