बॅटरीला माणूस लागतो

नियाज कुवेतहून सुट्टीवर आला की घरात एक नवं यंत्र येई, आणि यंत्र आलं की सुरैय्या मनातल्या मनात त्याची बॅग भरायला घेई. बावीस वर्षांचा हा रिवाज. पहिल्या सुट्टीत मिक्सर आला, कारण पाट्यावर वाटून तिचे हात दुखतात असं त्याला फोनवर कळलं होतं. मग वॉशिंग मशीन, मग गिझर, मग गच्चीवरच्या टाकीत आपोआप पाणी चढवणारा पंप, मग भारनियमनाच्या दिवसांत इन्व्हर्टर. पनवेलच्या त्या मोहल्ल्यातल्या बाकीच्या बायका सालं आकड्यांत सांगत. सुरैय्या म्हणे, "आमची झेबा ना? ती वॉशिंग मशीनच्या साली झाली." यंत्र बसवून झालं की नियाज हात झटकून म्हणायचा, "चल, आता तुला माझी गरज नाही." आणि खरंच निघून जायचा.

त्याला ते प्रेम वाटे. आणि होतंही ते प्रेमच, त्याबद्दल सुरैय्याची तक्रार नव्हती. पण यंत्र जितकं मोठं तितका साहेबांचा कुवेतमधला पुढचा मुक्काम लांबणार, हे तिला गिझरच्या वेळीच कळून चुकलं होतं. म्हणून यंदा सुट्टीच्या दुसऱ्याच सकाळी तो चहाचा कप घेऊन गच्चीवर गेला आणि खाली येऊन म्हणाला, "सोलर बसवू या," तेव्हा तिने मनातच गच्ची मोजली. आजवरची यंत्रं कोपऱ्यात मावत होती. हे अख्खी गच्ची खाणार होतं.

कंपनीने त्याला आणखी दोन वर्षांचा करार देऊ केला होता. हो की नाही ते शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. मागच्या सुट्टीत 'ही शेवटची खेप' असं तोच म्हणाला होता, पण आता तो विषय काढत नव्हता, आणि सुरैय्याला काढता येत नव्हता. लग्नानंतर तो पहिल्यांदा निघाला तेव्हा सासूबाईंनी तिला दाराआड घेऊन बजावलं होतं, "जाणाऱ्याला मागून हाक मारायची नाही." तिने ते इतकं मनाला लावून घेतलं की एकदाही 'नका जाऊ' म्हणून तोंडातून काढलं नाही. दर वेळी हसून म्हणाली, "बेफिकीर जा." दार लावल्यावर मग पदर ओला व्हायचा तो व्हायचा. नियाज बिचारा सरळ माणूस. बेफिकीर जा म्हटल्यावर बेफिकीर जायचा.

बुधवारी खारघरहून सोलरवाला हितेश आला. गळ्यात कंपनीचा बिल्ला, हातात टॅबलेट, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला सूर्य याच्याच मालकीचा वाटावा. सुरैय्याने त्याच्यापुढे सांदणं ठेवली.

"दोन प्रकार आहेत सर," तो म्हणाला. "एक ग्रिडवालं. दिवसा गच्चीवर जी वीज होईल ती घरात वापरायची, उरेल ती बाहेरच्या तारेत सोडायची. रात्री तारेतून परत घ्यायची. दिलेली आणि घेतलेली, दोन्हींचा हिशेब मीटर ठेवतं. दुसरं बॅटरीवालं. आपली वीज आपल्याच घरात साठवायची."

"ग्रिडवालं," नियाजने लगेच निकाल दिला. कुवेतमध्ये तो इलेक्ट्रिकल फोरमन होता, निकाल द्यायची सवयच होती. "त्यात सांभाळण्यासारखं काही नाही. अधूनमधून पॅनल पुसले की झालं."

"आणि लाइट गेली तर?" सुरैय्याने विचारलं. दुरुस्तीच्या नावाखाली मोहल्ल्याची लाइट अधूनमधून दुपारभर गायब व्हायची.

हितेशचा घास जरा अडकला. "लाइट गेली की ग्रिडवालं पण बंद होतं, मॅडम."

"वर ऊन रणरणत असलं तरी?"

"तरी. खांबावर वायरमन काम करत असतो ना. आपली वीज तारेत शिरली तर त्याला शॉक बसेल. म्हणून ते आपणहून बंद पडतं."

"वा! म्हणजे गच्चीवर वीजघर आणि घरात मेणबत्ती."

"तेवढ्यापुरता आपला जुना इन्व्हर्टर आहे की," नियाज म्हणाला.

"तो म्हातारा झालाय. दोन पंखे लावले की कण्हतो."

हितेशने प्रामाणिकपणे दुसरी बाजूही मांडली. "बॅटरीवाल्याचा खर्च जास्त आहे. आणि खरं सांगू का मॅडम, बॅटरीला घरात माणूस लागतो. पाणी बघा, टोकं साफ करा, त्यांना व्हॅसलिन लावा, किती भरली किती उरली यावर डोळा ठेवा. ग्रिडवाल्याला कुणीच लागत नाही."

त्याने हा दोष म्हणून सांगितला. पण 'बॅटरीला माणूस लागतो' हे शब्द सुरैय्याच्या कानात अत्तराच्या फायासारखे जाऊन बसले. या घरात आजवर आलेल्या एकाही यंत्राला माणूस लागत नव्हता. माणूस लागू नये म्हणून तर ती आणली होती. तिने हितेशच्या ताटलीत आणखी दोन सांदणं वाढली आणि म्हणाली, "बॅटरीवालंच घेऊ."

हितेश गेल्यावर नियाजने तिला सगळं पुन्हा समजावलं, बोटांवर मोजून, एखाद्या नवख्या मजुराला समजावावं तसं. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "आपल्या घरचं आहे ते सगळं बाहेर पाठवायचं, आणि महिनाअखेर कागदावर किती जमा झालं तेवढं बघायचं. बाहेरची लाइन तुटली की आपण अंधारात. असलं मी पुष्कळ वर्षं बघितलं, झेबाचे अब्बा. मला आता घरचं घरात पाहिजे."

नियाजला वाटलं, ती विजेबद्दल बोलतेय.

"बरं, बॅटरीवालं," तो म्हणाला. "पण मग पाणी घालायला तुला शिकावं लागेल. इन्व्हर्टरला पाणी घालायला जो माणूस यायचा, तो कुठे असतो?"

"तो गेला. कर्नाळ्याच्या पुढे कुठेतरी गाव आहे त्याचं."

"हरकत नाही. मी शिकवतो."

आणि सुरैय्याची शाळा सुरू झाली. फळा म्हणून जुन्या इन्व्हर्टरची बॅटरी, मास्तर म्हणून नियाज, आणि विद्यार्थिनी अशी की मास्तराने डोक्याला हात लावावा. पहिल्याच धड्याला तिने बॅटरीचं पाणी बॅटरी सोडून नियाजच्या पायावर ओतलं. दुसऱ्याला, "लाल म्हणजे थांबा ना?" असं विचारलं. झाकण उघडताना किंचाळली, लावताना हरवलं, आणि सापडलं तेव्हा ते तिच्याच मुठीत होतं. "तौबा! मला नाही जमायचं. मी एकटी असताना काही उडालं-बिडालं तर?" सासूबाई केव्हाच गेल्या होत्या, झेबा शिकायला हॉस्टेलवर होती; 'एकटी' या शब्दावर ती जरा जास्त रेंगाळली. आजवर पंप बंद पडला तर पदर खोचून तो खोलणारी, गिझरवाल्याला त्याची चूक दाखवून देणारी ही बाई. पण ते बघायला नियाज इथे होता कुठे? महिनाभराच्या सुट्टीत दावती आणि भेटीगाठी आटपेपर्यंत परतीचं विमान यायचं. आपल्याच घरात तो पाहुणा, आणि पाहुण्याला घरातली भांडी माहीत असतात, बाई माहीत नसते.

गुरुवारी दुपारी, चौथ्या धड्याला, नियाजने हातातलं नरसाळं खाली ठेवलं आणि तो कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "सुरैय्या, मला काळजी वाटायला लागली. तुझ्या एकटीच्या जिवावर हे सोडून जायचं म्हणजे..."

वाक्य अर्धंच राहिलं, पण अर्ध्यातही पुष्कळ होतं. सुरैय्याने मनात अल्लाचा शुक्र मानला. जरा घाईच केली म्हणायची.

कारण त्याच वेळी कुंपणाच्या भिंतीवर शेजारच्या कुमुदताईंचं डोकं उगवलं. कुमुदताई निवृत्त शिक्षिका. वर्ग सुटून वर्षं झाली तरी आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

"सुरैय्या! अगं आमचा इन्व्हर्टर पुन्हा शिट्ट्या मारतोय. मागच्यासारखं येऊन पाणी घालून जा ना. आणि ती पलीकडची जास्मीनही विचारत होती, तिच्या बॅटरीचा नंबर केव्हा म्हणून. तुझं ते निळं नरसाळं आण हो, माझं चिरलंय." मग त्यांना नियाज दिसला. "नियाजभाई, तुमची बायको नसती ना, तर या गल्लीतल्या झाडून सगळ्या बॅटऱ्या केव्हाच वाळून गेल्या असत्या!"

डोकं भिंतीआड गेलं. निळं नरसाळं दोघांच्या मध्ये फरशीवर पडलं होतं. पितळ उघडं पडणं म्हणतात ते इतकं लख्ख सहसा पडत नाही.

"तो इन्व्हर्टरवाला माणूस?" नियाजने विचारलं.

"एकदाच आला होता. काय करतो ते बघून घेतलं. मग मीच."

"मग हे काय चाललं होतं? दोन दिवस माझ्या पायावर पाणी ओततेस!" त्याचा आवाज चढला होता. त्याला राग आला होता, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं होतं. आपल्याच घरात आपल्यालाच वेडं बनवलं म्हटल्यावर कुणालाही वाटेल.

सबबी सुरैय्याकडे तयार होत्या. या घरात त्यांचा साठा कधी संपत नसे. पण तिला एकाएकी त्या सगळ्यांचा कंटाळा आला.

"जाणाऱ्याला मागून हाक मारायची नसते," ती म्हणाली. "म्हणून मी कधी मारली नाही. आज तुम्ही समोर आहात, म्हणून समोरून मारते. मला पाणी घालता येतं. पंप खोलता येतो, फ्यूज बांधता येतो, सगळं येतं. तुम्ही नव्हता म्हणून आलं. त्यात मला काही मोठेपणा वाटत नाही. नका जाऊ."

नियाज बॅटरीजवळ उकिडवा बसून राहिला. मग उठून गच्चीवर गेला आणि अंधार पडेपर्यंत खाली आला नाही. सुरैय्याने नरसाळं उचललं आणि कुमुदताईंच्या इन्व्हर्टरला पाणी घालून आली, कारण काही झालं तरी शिट्ट्या थांबवायला हव्या होत्या. या खेपेला पाणी खरोखरच थोडं बाहेर सांडलं.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटपून नियाज घरी आला तेव्हा हितेश येऊन बसला होता. सुरैय्या पडद्याआड स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. कुवेतला काय कळवलं, हे त्याने सांगितलं नव्हतं, आणि तिने विचारलं नव्हतं. एकदा समोरून हाक मारून झाली होती, दुसऱ्यांदा मारायला जीभ वळत नव्हती.

"मग काय ठरलं सर?" हितेशने टॅबलेट पुढे केला. "ग्रिडवालं की बॅटरीवालं?"

"बॅटरीवालं."

"छान. पण मेंटेनन्स कोण बघणार? तुम्ही तर परत चाललात ना? मॅडमना जमेल का?"

"मॅडमना सगळं जमतं," नियाज म्हणाला. "मलाच काही येत नाही."

हितेश हसला. "काय सर, थट्टा करता. तुम्ही इलेक्ट्रिकलवाले."

"अरे, मोठमोठ्या इमारतींची वायरिंग केली, पण घरच्या बॅटरीला पाणी कसं घालतात ते शिकायचं राहूनच गेलं. आता ही शिकवणार आहे. म्हणून कंपनीला आज सकाळी 'नाही' असं कळवून टाकलं." त्याने पडद्याकडे बघितलं. "मी जरा मठ्ठ आहे. शिकायला बरीच वर्षं लागतील."

पडदा हलला. सुरैय्या बाहेर आली. नियाजने खिडकीतलं निळं नरसाळं घेतलं, उलटं धरलं आणि अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "हे असंच धरतात ना?"

सुरैय्याने डोळे पुसले आणि त्याच्या हातातलं नरसाळं सुलटं केलं.