प्रत माहितीसाठी

स्टेशनमास्तरांनी फोन कानाशी धरून खिडकीतून पुलाकडे पाहिलं. सहा वाजून सोळा मिनिटं झाली होती आणि पुलावर काही म्हणजे काही नव्हतं.

"अहो, तुमची गाडी कुठे अडकली? सहा चौदाला इथे यायला हवी होती."

"अडकलीय कुठे? वेळेवर आहे," नदीपलीकडच्या राज्यातल्या स्टेशनचे मास्तर म्हणाले. "सहा चोवीसला पोचेल. आजपासून नवीन वेळ. तुमच्याच पत्रावरून झाली की!"

मास्तरांनी फोन ठेवला आणि कपाळावर हात मारून घेतला.

दोन्ही राज्यांच्या गाड्या सरहद्दीवरच्या या स्टेशनात येऊन संपत, एकाच फलाटाच्या दोन बाजूंना. अलीकडची गाडी सहा दहाला सुटे, पलीकडची सहा चौदाला येई. उतरलेली माणसं गेलेल्या गाडीच्या नावाने बोटं मोडत आणि साडेआठच्या गाडीपर्यंत बाकांवर बसत. त्यांत मास्तरांची बायकोही असे; घर अलीकडच्या गाडीने पुढच्या गावात होतं. ती पलीकडच्या इस्पितळात नर्स होती. ती घरी पोचेपर्यंत चार वर्षांची लेक आजीच्या कुशीत झोपलेली असे. मागच्या महिन्यात तिने सांगून टाकलं होतं, "नव्या वेळापत्रकानेही जमलं नाही, तर मी तिकडेच खोली घेते. सुट्टीला येत जाईन. तुम्ही बसा पत्रं लिहीत."

पत्रांचा तर मास्तरांनी पाच वर्षं रतीब घातला होता. संध्याकाळची गाडी दहा मिनिटं उशिरा सोडावी, ही विनंती. कोणाची गाडी, ते लिहायची गरज त्यांना कधी वाटली नाही. आपल्याच कचेरीला आपली गाडी कोणती, हे काय सांगायचं? आणि खाली, सवयीने, 'प्रत माहितीसाठी' म्हणून पलीकडच्या कचेरीचा पत्ता. प्रतीशिवाय पत्र म्हणजे त्यांना अर्धवट काम वाटे. यंदा दोन राज्यांत सहा गाड्या वाढल्या, फलाटावर सहकार्याचा भलामोठा फलक लागला आणि त्या उत्साहात दोन्ही कचेऱ्यांनी विनंती मान्य केली. दोघींनीही आपापली गाडी दहा मिनिटं उशिरा केली. मधली चार मिनिटं होती तिथेच राहिली. मास्तरांना संताप आला, पण तो काढणार कोणावर? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

सहा वीस झाले. म्हातारा गार्ड दारात आला.

"मास्तर, झेंडी?"

"थांबा."

"कशासाठी?" गार्ड चकित झाला. बावीस वर्षांत या माणसाने गाडी एक मिनिट रोखलेली त्याने पाहिली नव्हती.

"डब्यांची दारं तपासायचीत."

मास्तर शेवटच्या डब्यापासून निघाले. एकेक दार लावून बघायचं, पुन्हा उघडायचं, पुढे जायचं. गार्डने एकदा त्यांच्याकडे, एकदा पुलाकडे पाहिलं आणि घड्याळ खिशात टाकलं.

"बघा, बघा. दारं नीट हवीतच."

सहा चोवीसला पलीकडची गाडी लागली. तीस-चाळीस माणसं उतरली आणि सवयीप्रमाणे सरळ बाकांवर जाऊन बसली.

"अहो, बसताय काय? चढा! गाडी उभी आहे!" मास्तर ओरडले.

मग एकच धावपळ उडाली. मास्तर प्रत्येक चेहरा पाहत होते. सगळ्यांत शेवटी इस्पितळातली आयाबाई धापा टाकत आली. तिने एक कापडी पिशवी पुढे केली.

"बाईंनी दिलीय. छोटीचा फ्रॉक आहे."

"आणि त्या?"

"तिकडच्या स्टेशनपर्यंत आल्या होत्या माझ्याबरोबर. फळ्यावरची नवी वेळ वाचली, बोटांवर हिशेब केला आणि मागे फिरल्या. खोली बघायला गेल्या." आयाबाई जरा घुटमळली. "मी म्हटलं, चला तरी, थांबवतील आज गाडी. तर म्हणाल्या, छे गं! मी ओळखते त्यांना."

मास्तरांनी पिशवी घेतली. तिची घडी करायला गेले, मग तशीच काखेत धरली. आयाबाई गाडीत चढली.

"आले का सगळे?" गार्डने डब्यातून विचारलं.

मास्तरांनी पलीकडच्या रिकाम्या गाडीकडे पाहिलं.

"आले," ते म्हणाले, आणि त्यांनी हिरवी झेंडी दाखवली.