तटबंदीचा फुगवटा

मी एक जुनी तटबंदी आहे. मित्रांनो, बहरीनच्या उत्तर किनाऱ्यावर, खजुरीच्या बागांपलीकडे मी हजारो वर्षे उभी आहे.

दगडावर दगड रचून लोकांनी मला बांधले, तेव्हा माझ्या आत एक गजबजलेले शहर होते. जहाजांतून तांबे यायचे. शत्रू मला पाहून बिचकत आणि आतल्या आया लेकरांना निर्धास्त निजवत. पुढे शहर ओस पडले. कुणी माझेच दगड नेऊन घरे बांधली. वाळूने मला पुरते झाकले. अलीकडे संशोधकांनी हळुवार हातांनी मोकळे केले, तेव्हा कुठे पुन्हा ऊन दिसले.

गेल्या हिवाळ्यात मात्र इथे कधी नव्हे एवढा पाऊस झाला. सांध्यांतली माती वाहून गेली आणि माझी एक बाजू फुगली. कुणाच्या ते लक्षात आले नाही. दोन दिवसांनी, शुक्रवारी, जवळच्याच सनाबिस गावात राहणाऱ्या सुनंदाताई मुलगी कस्तुरीला घेऊन आल्या आणि नेमक्या त्याच बाजूच्या सावलीत डबा उघडून बसल्या. माझा जीव कासावीस झाला. ओरडणार कशी?

"मम्मा, माझ्या केसांत सँड पडतेय."

"वारा असेल गं. पोळी संपव आधी."

"नो मम्मा, वारा नाहीच आहे! वॉलमधून येतेय!"

सुनंदाताईंनी वर पाहिले. तेवढ्यात माझी देखभाल करणारी उमैमा तो फुगवटा नजरेस पडताच धावत आली. "यल्ला, यल्ला! हटो वहाँ से!"

डबा तिथेच टाकून दोघी पळाल्या. मागे माझे दगड धडाधड कोसळले. सुनंदाताईंनी लेकीला घट्ट कवटाळले. "तू सांगत होतीस आणि मी ऐकलंच नाही गं," त्या रडत म्हणाल्या.

आता मला पाडतील, असे वाटले. पण उमैमाने एकही दगड टाकून देऊ दिला नाही. कारागिरांनी ते पुन्हा जागच्या जागी बसवले, पावसाच्या पाण्याला वाट करून दिली. काम संपल्यावर कस्तुरी आईबरोबर पुन्हा आली. तिने माझ्यावर अलगद तळहात ठेवला.

"हिला दुखलं असेल ना, मम्मा?"

एवढ्या वर्षांत हे मला कुणीच विचारले नव्हते.

मित्रांनो, माझ्यासारखे पुष्कळजण उन्हापावसात मुकाट उभे आहेत. त्यांच्यावर चढू नका, नावे कोरू नका. कुठे तडा दिसला, माती झरताना दिसली, तर मोठ्यांना सांगा. त्यांनी ऐकले नाही, तर पुन्हा सांगा.