नववा धरून

काल दुपारी आमच्या इमारतीचा दहावा मजला पहिल्याच्या डोक्यावर येऊन बसला. त्याच्यावर अकरावा, बारावा आणि मग दुसरा. आमचा नववा सगळ्यांत वर गेला.

चूक माझीच. सोसायटीच्या ॲपसाठी मी मजले क्रमाने लावत होतो. माझी जुनी प्रोग्रामिंगची भाषा आकड्यांना आकडे समजते. ही नवी त्यांना अक्षरं समजते आणि एकाने सुरू होणारे सगळे आधी घेते. शिवाय जुनी भाषा मूळ रांगेला हात न लावता वेगळी प्रत काढून देई. हिने मूळच हलवलं. आता परत फिरायची सोय नव्हती.

दहाव्यावरच्या दातारकाकू खिडकीतून म्हणाल्या, "राहू दे रे असंच. माझे गुडघे वाचले."

मला तिथे थांबवेना. माझी बायको शर्वाणी वर एकटी होती. तिचाच फोन आला.

"नचिकेत, दोन्ही गॅलऱ्या गेल्या."

"मजल्यांच्या नावांच्या दोन्ही टोकांची रिकामी जागा काढायला सांगितलं होतं मी."

"हॉलच्या भिंतीही आत येतायत."

"सामान लागलं की थांबतील."

"सामान रंगकामासाठी मधे ओढलंय. मी सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेय."

"मग तुझ्यापाशी थांबतील."

"थांबतील की टेकतील? मला खाली आण आधी."

मी पार्किंगमध्ये स्कूटरच्या सीटवर लॅपटॉप उघडला. दोनपासून नऊपर्यंतचे मजले कापून पहिल्यावर ठेवायचे, त्यांच्यावर दहा, अकरा, बारा. तशी आज्ञा दिली. इमारत एकदाच करकरली. दातारकाकू माझ्या नावाने खडे फोडत वर गेल्या.

लिफ्टची वाट न बघता मी जिन्याने धावलो. पाचव्यावर आठवलं, कापताना शेवटचा धरत नाहीत. एवढ्या बाबतीत तरी दोन्ही भाषांचं एकमत आहे. नऊपर्यंत म्हटलं की आठपर्यंतचेच मिळतात. रोज वापरतो मी हे, आणि नेमका तेव्हाच विसरलो.

आठव्यानंतर थेट दातारकाकूंचं दार आलं. मधे नुसतं जिन्याचं वळण आणि कोरी भिंत. मी भिंतीवर दोन्ही हात आपटले.

फोन अजून चालूच होता.

"आलास वाटतं," शर्वाणी म्हणाली. "थांब, दार उघडते."

भिंतीत कडी सरकली.