संपतरावांना न शोभणारा ट्रॅक्टर

मी एक ट्रॅक्टर बोलतोय. ट्रॅक्टर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जो उभा राहिला, तो मी नव्हे. तो माझ्या शेजारचा. मी त्याच्या मागच्या चाकाआड असायचो. जरा वाकून पाहिलं असतं तर दिसलो असतो.

कारखान्यात मला मुद्दामच लहान केलंय. बागेच्या ओळींमधून, खाली आलेल्या फांद्यांखालून जाता यावं म्हणून अंग चोरून घडवलेला मी. हा माझा गुण आहे, असं माझ्या माहितीपत्रकात ठळक अक्षरांत छापलंय. पण पुण्यात माहितीपत्रक वाचायची पद्धत नाही. आपलं मत आधी सांगून मोकळं व्हायची पद्धत आहे.

हडपसरच्या पुढे, सोलापूर रस्त्यावर एका शोरूममध्ये मला उतरवलं. तिथं समाधान नावाचा विक्रेता होता. बुलडाण्याकडून आलेला, गळ्यात टाय, चेहऱ्यावर कायमचं हसू. ते हसू टिकवणं किती अवघड काम आहे, हे मी रोज बघत होतो.

कर्वेनगरचे एक निवृत्त गृहस्थ दर शनिवारी यायचे. दारातच जाहीर करायचे, "घेणार नाहीये. फक्त बघतोय." मग मला चारी बाजूंनी बघायचे.

"सोसायटीच्या पार्किंगमध्ये मावेल का हा?"

"मावेल ना सर. पण शेत कुठंय आपलं?"

"शेत अजून घ्यायचंय. आधी ट्रॅक्टरचा अभ्यास पूर्ण होऊ दे."

अभ्यास झाला की चहा व्हायचा. चहात आलं कमी आहे असं सांगून ते निघायचे. बाकीचे लोक मुलाला माझ्यावर बसवून फोटो काढायचे आणि मोठ्या ट्रॅक्टरची किंमत विचारायचे. मोठा ट्रॅक्टर तसा चांगला होता बिचारा, पण त्याला स्वतःच्या उंचीची फार जाणीव होती.

अशातच एके दिवशी संपतराव आले.

संपतरावांचं गाव महापालिकेत गेलं, त्याला आता काही वर्षं झाली. त्यांच्या वावरात उंच इमारती उभ्या राहिल्या. बिल्डरनं त्या इमारतींना 'हरित शिवार' असं नाव दिलं, कारण हरित आणि शिवार या दोन्ही गोष्टी तिथून नुकत्याच हलवल्या होत्या. हाती आलेल्या पैशातून संपतरावांनी पानशेतच्या वाटेवर डोंगराच्या पोटाशी झाडीची जागा घेतली. ऐन, जांभूळ, हिरडा, फणस, आणि मधून पायवाट. कुणा हुशार माणसाच्या सल्ल्यानं ती जागा त्यांनी आईच्या नावावर केली होती. आईचं नाव तुळजाबाई.

झाडांखालचं गवत काढायला, वाळलेलं लाकूड ओढून आणायला ट्रॅक्टर हवा होता. निदान कारण तरी तेच सांगितलं होतं. संपतराव पांढऱ्या कपड्यांत आले. बरोबर आयटीत नोकरी करणारा मुलगा ऋषी. मागून, नऊवारीचा काष्टा सावरत, तुळजाबाई.

समाधाननं जागेची चौकशी केली आणि थेट त्यांना माझ्यापाशी आणलं. "शेठ, झाडीत चालवायचा असेल तर हाच घ्या. अरुंद आहे, कुठंही वळतो."

संपतरावांनी मला नीट पाहिलं. पाहायला त्यांना मान खाली घालावी लागली, तिथंच माझं बिनसलं.

"हे कुणाच्या नातवाचं हाय?"

"पप्पा, टेक्निकली हा करेक्ट आहे," ऋषी म्हणाला. त्यानं ट्रॅक्टरचे इतके व्हिडिओ पाहिले होते, की जागा बघायला जायचं मात्र राहून गेलं होतं. "दोन झाडांमधलं अंतर हाच इथं मेन पॅरामीटर आहे."

"मग अंतर वाढवू की." संपतरावांनी प्रश्न मिटवला. "आरं, माझा व्याही पंचावन्न हॉर्सपॉवरचा घेऊन बसलाय. मी ह्याच्यावरनं त्याच्या दारावरून गेलो, तर मला बघायला त्याला ओट्यावरनं खाली उतरावं लागंल."

या बोलण्यात तुळजाबाई कधी माझ्या सीटवर चढून बसल्या, ते कुणाला कळलंच नाही. त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. पायातल्या चपला खाली काढल्या होत्या, देवळात काढतात तशा.

"संपा, ह्यो बघ. ह्याच्यावर माझं पाय पोचत्यात."

"आई, तुला कशाला पोचायला पायजेत?"

तुळजाबाईंनी स्टिअरिंगवरचे हात काढले. उतरल्या, चपला घातल्या. उतरताना त्यांनी माझ्या बॉनेटवर हात फिरवला. बैलाच्या पाठीवरून फिरवतात, तसा. माझ्या अंगावरून तोवर फक्त फडकं फिरलं होतं.

मोठा विकला गेला. त्याला हार घातला, पेढे वाटले, संपतरावांच्या हातात पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली देऊन फोटो काढला. गावच्या चौकात फ्लेक्स लागला. समाधाननं त्याचा फोटो सगळ्यांना दाखवला, त्यात मीही पाहिला. 'नवीन ट्रॅक्टर खरेदीबद्दल हार्दिक अभिनंदन.' मध्ये गॉगल लावून संपतराव आणि भोवती एवढे शुभेच्छुक, की ट्रॅक्टर एका कोपऱ्यात माझ्याएवढाच दिसत होता. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

पुढं काय झालं ते मला त्या मोठ्यानंच सांगितलं. पहिल्या सर्व्हिसिंगला तो आला, तेव्हा त्याचं छत फाटलेलं होतं आणि एक आरसा जागेवर नव्हता.

पहिल्या दिवशी तो फाटकातच अडकला म्हणे. मग फाटकाचा एक खांब पाडला. त्याच खांबावर जागेचं नाव कोरलेली फरशी होती, तीही गेली. आत शिरल्यावर छत फणसाच्या फांदीत गुंतलं. मागं घेताना जांभळीला धडक बसली. म्युझिक सिस्टिम तेवढी सुरळीत चालू होती. संपतराव गाणी लावून फाटकापासून पहिल्या झाडापर्यंत जायचे आणि पहिल्या झाडापासून फाटकापर्यंत यायचे.

शेवटी त्यांनी ठरवलं, की मधली झाडं तोडायची. ट्रॅक्टर घेतला होता झाडांची निगा राखायला, आणि आता झाडं तोडायची होती ट्रॅक्टरची सोय व्हावी म्हणून. यात काही चुकतंय असं तिथं कुणालाच वाटलं नाही. साईनाथ नावाचा कंत्राटदार येऊन खोडांवर चुन्याच्या फुल्याही मारून गेला. फक्त जाताना म्हणाला, "परवानगीला मालकाची सही लागंल."

"मालक मीच की."

"जागा कुणाच्या नावावर हाय?"

संपतरावांनी परवानगीचा कागद त्याच्याकडून मागून घेतला.

घरी ते कागद घेऊन आईपुढे बसले. तुळजाबाई भाजी निवडत होत्या. सगळं ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "करते की सही. पण आधी तो लहाना आणून दाखव. तो झाडांत अडला, तर खुशाल करवत लाव."

"आणि नाय अडला तर?"

"मग तुझ्या ट्रॅक्टरला गाणी ऐकू दे."

अशा रीतीनं, चाचणीसाठी म्हणून, एका रविवारी टेम्पोत बसून मी पानशेतच्या वाटेला लागलो. निघण्यापूर्वी समाधानच्या फोनवर संपतरावांचा आवाज मी ऐकला होता. "घेऊन ये ते खेळणं. आईची समजूत काढायची हाय. आन् अडला पायजे, बरं का!" समाधान म्हणाला, "बघतो ना शेठ." त्याचं हसू त्या वेळी जरासं सरकलं होतं.

मंडपच तेवढा राहिला होता, बाकी सगळी तयारी होती. व्याही आले होते. चुलीवर मटण शिजत होतं. साईनाथ करवतीचं मशीन मांडीशी घेऊन खुर्चीवर बसला होता. फुल्या मारलेली झाडं ओळीनं उभी होती. मी आयुष्यात प्रथमच झाडं इतक्या जवळून पाहत होतो आणि माझ्या एका वळणावर त्यांचं मरण ठरणार होतं. कारखान्यात असली चाचणी घेत नाहीत.

समाधान माझ्यावर चढायला लागला.

"तू नगं," तुळजाबाई म्हणाल्या. "मी बसते."

समाधाननं उचललेला पाय खाली घेतला. मग व्याही मोठ्यानं हसले. ते हसले नसते, तर संपतरावांनी आईला नक्की अडवलं असतं. पण व्याह्यांना आपल्या आईला हसू देणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

"बसू दे तिला," ते गुरकावले.

समाधाननं क्लच, ब्रेक, गिअर दाखवले. तुळजाबाईंनी एकदा विचारून घेतलं, दुसऱ्यांदा विचारलं नाही. मी सुरू झालो. पहिल्याच झटक्याला मी असा उडालो, की त्यांचा चष्मा नाकावर आला. "हो, हो, हो!" त्या मला म्हणाल्या. मला बैलांची भाषा येत नाही, पण सांगण्याचा रोख कळला.

आम्ही निघालो. पहिल्या दोन ऐनांमधून गेलो. दोन्ही बाजूंना हातभर जागा उरली. फणसाच्या फांदीखालून गेलो, तेव्हा तुळजाबाईंनी मान खाली घातली आणि फांदी त्यांच्या पदरावरून सरकली. जांभळीपाशी वळण होतं. तिथं त्या जरा गडबडल्या. मी खोडाकडे चाललो होतो. मागून संपतराव पांढऱ्या कपड्यांत, काट्याकुट्यांतून धावत होते.

"आई, क्लच! क्लच दाब! आये गं, डावा पाय!"

अडला पायजे म्हणणारा माणूस तो हाच. डावा पाय दाबला गेला, स्टिअरिंग फिरलं, मी सालीला घासून वळलो. संपतराव तिथंच, जांभळीला धरून धापा टाकत उभे राहिले. घाबरलेल्या माणसाला ऐटीत उभं राहता येत नाही, हे मी त्या दिवशी पाहिलं. ते मला पहिल्यांदाच बरे वाटले.

फुलीचं शेवटचं झाड मागं पडलं. आता थांबायचं, एवढंच राहिलं होतं. पण तुळजाबाईंना थांबायचं नव्हतं. त्या मला उतारावरून ओढ्याकडे घेऊन गेल्या, आणि तिथल्या मऊ मातीत माझं मागचं चाक रुतलं. फिरलं, चिखल उडाला, आणखी रुतलं.

"अडला!" व्याही टाळी वाजवून ओरडले.

साईनाथ करवत घेऊन उठला. सगळे ओढ्यापाशी गोळा झाले. तुळजाबाई सीटवर बसूनच होत्या. चिखल त्यांच्या चष्म्यापर्यंत उडाला होता.

"झाडांत अडला का?" त्यांनी विचारलं.

साईनाथनं फुल्यांच्या झाडांकडे वळून पाहिलं.

"चिखलात अडलाय. मग चिखल तोडा."

ऋषी फस्सकन हसला, पाठोपाठ समाधान. साईनाथनं करवत खाली ठेवली. संपतरावांच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं, ते मी सांगत बसत नाही. पण तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं, की मला बाहेर ओढायला दुसरा ट्रॅक्टर लागणार, आणि तसा तिथं एकच आहे.

ते जवळजवळ पळतच गेले. ओढ्याच्या पलीकडच्या उघड्या रानातून वळसा घालून त्यांनी मोठ्याला आणलं. गाणं लावायलाही विसरले नाहीत. साखळी लावली, एका दमात मला वर ओढलं. व्याह्यांना बाजूला व्हायला सांगण्यात त्यांना जो आनंद झाला, तो पुठ्ठ्याची किल्ली घेतानाही झाला नव्हता. मोठा माझ्याकडे बघत होता. घेतल्यापासून त्याला मिळालेलं हे पहिलं खरं काम.

झाडं राहिली. मीही राहिलो.

आता संपतराव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "ट्रॅक्टर घ्यायचा तर जागा बघून घ्यावा. लोकं उगा मोठा घेत्यात. आम्ही पयल्यापासनं लहानाच म्हणत होतो." ऐकणारे माना डोलावतात. चौकात नवा फ्लेक्स लागला. त्यावर माझ्यावर बसलेल्या तुळजाबाई आहेत, आणि त्यांच्या दुप्पट मोठे संपतराव. मोठा ट्रॅक्टर फाटकाशी पत्र्याखाली उभा असतो. पाहुणे आले की त्याला चालू करतात, गेले की बंद.

गवत मी काढतो, लाकूड मी ओढतो. बहुतेक वेळा ऋषी नाहीतर कुणी गडी चालवतो. तुळजाबाई आल्या की मात्र दुसऱ्या कुणाला माझ्यावर बसू देत नाहीत. त्या मला झाडीतून पार वरच्या कडेला नेतात. काम करायला चाललो आहोत, असं खाली सगळ्यांना सांगितलेलं असतं. मागं ट्रॉलीही लावलेली असते.

वर गेल्यावर त्या मला बंद करतात आणि सीटवर नुसत्या बसून राहतात. लग्न होऊन आल्यापासून त्यांना कुणी ना कुणी हाक मारतंच आलंय. सासूनं मारली, नवऱ्यानं मारली, मुलानं, नातवानं. भाकरी, पाणी, चहा, सही. वरपर्यंत मात्र हाक येत नाही. पानं हलतात, एखादं पाखरू ओरडतं. त्या मिसरी लावतात आणि समोरच्या डोंगराकडे बघतात. मी जागचा हलत नाही. काही न करता उभं राहण्याचा शोरूममधला माझा सराव दांडगा आहे, पण इथं त्याचं काही वाटत नाही.

परवा असंच बसलो होतो, तर त्यांच्या कमरेच्या पिशवीतला फोन वाजला. पलीकडे संपतराव होते.

"आई, कुठं हायस? पाव्हणं आल्यात, चहा टाकायचाय."

तुळजाबाईंनी माझ्या स्टिअरिंगवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "कामात हाय."

फोन ठेवून त्यांनी पाय सैल सोडले आणि डोळे मिटले.

माझं म्हणणं एवढंच, की हे तुम्हाला सांगितलं ते सांगितलं. तुम्ही पानशेतकडे आलात, फाटकाशी संपतराव भेटले आणि वर काय चाललंय असं त्यांनी विचारलं, तर गवत काढणं चालू आहे म्हणा. फार वाढलंय, म्हणा. वेळ लागेल.