वळवलेली हद्द

नागवेणीने केळीच्या पानावर पडू घातलेली दुसरी रोट्टी हात आडवा धरून थांबवली.

"एवढ्यात पुरे, अक्का? घ्या की. साहेबांच्या हातचीच समजा," पुट्टा सिद्दी म्हणाला. "माझ्या बायकोला, ह्या गिरिजाला, रोट्टी थापायला त्यांनीच शिकवली."

"कुणी?"

"साहेबांनी! कॅम्पावर सगळ्यांच्या आधी तेच उठायचे. मोजणीची साखळी ओढणारे आम्ही सहा गडी. आम्ही ओढ्यावर तोंड धुऊन येईतो चहा तयार, रोट्टी तयार."

नागवेणीने शेजारी जेवणाऱ्या मुलीकडे पाहिलं. सुमाचाही घास हातातच राहिला होता. चूल तर सोडाच, तिच्या नवऱ्याने, तिम्मप्पा नाईकांनी, उभ्या संसारात पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः भरून घेतला नव्हता.

त्यांना जाऊन महिना झाला होता. जंगलखात्यात तीस वर्षं सर्व्हेअर म्हणून रानं मोजली, निवृत्तीनंतरची बारा वर्षं शिरसीच्या घरी ओसरीवरच्या खुर्चीत काढली आणि एका दुपारी त्याच खुर्चीत मान टाकली. मग हलसीनकोप्पहून निरोप आला: साहेबांची आठवण आम्हालाही करायची आहे, अक्कांनी यावं. सुमाने जीप ठरवली. आल्या तर शाळेच्या पडवीत गावातली सव्वीसच्या सव्वीस घरं लोटलेली, आणि नाईकांच्या फोटोला हातभर लांब अबोलीची माळ. घरच्या फोटोला नागवेणीने बोटभर घातली होती.

जेवणं उरकली आणि आठवणी सुरू झाल्या.

"गायचे काय, साहेब!" पुट्टा सांगू लागला. "साखळी ओढताना यक्षगानातली पदं. म्हणायचे, पुट्टा, गाण्यावर पावलं टाकलीस तर साखळी ढिली पडत नाही."

"गळा मात्र कावळ्याचा हो!" मागून एक म्हातारी ओरडली. "त्यांनी तोंड उघडलं की झाडावरची माकडं पळायची!"

पडवी हसली. नागवेणीही हसली, पण तिच्या मांडीवरच्या पदराला चुण्या पडत होत्या. तिने तो गळा एकदाही ऐकला नव्हता.

गिरिजा पुढे सरकून बसली. "माझ्या थोरल्याच्या वेळी सुईण नदीपलीकडे अडकली होती, अक्का. साहेबांनी तिला आणायला होडी पाठवली. ती येईतो दाराबाहेर बसून मला धीर देत होते. 'रड गिरिजा, मोठ्यानं रड. इथं कोण ऐकतंय!' म्हणायचे."

सुमा झाली तेव्हा नाईक नवव्या दिवशी घरी आले होते. पाळण्यात वाकून पाहिलं, "सगळं ठीक ना?" विचारलं आणि तिसऱ्या दिवशी कॅम्पावर परत गेले होते.

रानात त्यांचं कुणीतरी आहे, असं नागवेणीला कितीतरी वर्षं वाटत आलं होतं. तिने खिसे चाचपले होते, शर्टांचे वास घेतले होते. बाई असती तर बरं झालं असतं, निदान तिच्या झिंज्या तरी धरता आल्या असत्या. सव्वीस घरांच्या झिंज्या कुठून धरायच्या?

"आणि ही हद्द," पुट्टा म्हणाला. "राखीव जंगलाची हद्द डोंगरावरून सरळ ओढ्यात उतरवायची, असा वरचा हुकूम होता. तशी उतरली असती तर आमचा झरा आत गेला असता, अर्धी घरं आत गेली असती. साहेबांनी अकरा दिवस फिरून हद्दीचा एकेक जुना दगड शोधला. जुनी हद्द ओढ्याच्या वळणानंच होती, ते सिद्ध केलं आणि हद्द तशीच वळवली. वरच्यांनी रागानं अणशीच्या रानात फेकलं त्यांना, तीन वर्षं. जायच्या दिवशी इथंच बसून आम्हाला सगळं सांगितलं. हसत होते."

नागवेणीला अणशी आठवत होती. जळवा, ओल, सुमाचा ताप. तीन वर्षं तिने नवऱ्याला विचारलं होतं, असं काय केलंत म्हणून इथे आणून टाकलं? तीन वर्षं एकच उत्तर: "खात्याचं काम आहे." आणि इथे साखळी ओढणाऱ्यालाही ठाऊक होतं.

"अक्का, आता तुम्ही बोला," गिरिजा म्हणाली. "घरातले साहेब कसे होते? आम्हाला बाहेरचेच माहीत."

नागवेणी उठली. घरी ते गप्प असायचे. जे काही होतं ते तुम्ही घेतलंत, मला खुर्ची मिळाली. हे तिच्या ओठांवर आलं होतं. समोर सगळी तोंडं वर करून बसली होती.

"घरी?" ती म्हणाली. "घरी तर गप्प बसायचेच नाहीत. तुमच्यातल्या एकेकाचं नाव मला पाठ होतं. गाऊन गाऊन कान किटवायचे माझे."

सुमाने चमकून वर पाहिलं. नागवेणीने तिच्याकडे बघायचं टाळलं. आता तिला थांबता येईना.

"आणि हद्दीचं म्हणाल, तर ते घरी आले, म्हणाले, काय करू? मी म्हटलं, वळवा. अणशीला जायला मी तयार आहे."

पडवीत हुंकार उठला. बायका एकमेकींना कोपरं मारू लागल्या. गिरिजाने तर वाकून तिच्या पायांना हात लावला आणि वळून नवऱ्याला म्हणाली, "ऐकलंस? साहेब बायकोला विचारायचे. नाहीतर तू!"

नागवेणीला खूप वर्षांनी पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

निघताना पुट्टा जीपपर्यंत आला. सुमा पुढे बसली. नागवेणी मागे चढली, तरी तो दार धरून उभाच. त्याच्या चेहऱ्याकडे तिने नीट पाहिलं. ताणून धरलेलं हसू, आणि त्याच्या वर कोरडे डोळे. असा चेहरा घेऊन ती स्वतः किती वर्षं आरशासमोर कुंकू लावत होती.

"अक्का, एक विचारू?"

"विचार."

"हद्दीचा शेवटचा दगड रोवायच्या आधी साहेब मला म्हणाले होते, पुट्टा, तू सांग, काय करू? मी म्हटलं, वळवा. हे दुसऱ्या कुणाला विचारलेलं नाही, असं म्हणाले. आजवर घरातही बोललो नाही मी हे. तुम्हाला कधी विचारलं त्यांनी? त्याच्या आधी, की नंतर?"

ड्रायव्हरने गाडी चालू केली. सुमा मागे वळून आईकडे पाहत होती.

"नंतर," नागवेणी म्हणाली. "पुट्टाशी बोलून आलोय, म्हणाले. मी नुसती मान हलवली."

पुट्टाने दार लावलं. नीट लागलंय ना, म्हणून एकदा ओढून पाहिलं, आणि गाडी वळावी म्हणून रस्त्यावरच्या कोंबड्या हाकलायला तो पुढे धावला.