निरसं दूध आणि मागचं दार

मावशींनी सकाळी दोन्ही गाईंची धार काढली, दूध फडक्यातून गाळून कढत पाण्याने धुतलेल्या किटल्यांत भरलं आणि त्या रोजच्या एकोणीस घरांकडे निघाल्या. तीस वर्षं त्या पुढच्या दारात माप ओतत आल्या होत्या, वर थोडं जास्तीचं घालून. मग हुकूम निघाला की निरसं दूध विकायचं नाही, कारखान्याच्या पिशवीतलंच विकायचं, आणि एकोणीसही घरांना एकदम मागचं दार आठवलं. दूध सगळ्यांना हवं होतं, दूधवाली दिसायला नको होती. या भेकडपणाला आपण अब्रू म्हणतो.

पहिलं घर तपासनीस साहेबांचं. "लवकर घाला, मावशी," मागच्या दारात त्यांची बायको कुजबुजली. त्याच दुधाचा चहा पिऊन साहेब कामावर निघाले आणि चौकात त्यांनी मावशींच्याच किटल्या अडवल्या.

"तपासा ना, साहेब," मावशी म्हणाल्या. "गाई तपासा, दूध तपासा. खराब निघालं तर मीच ओतून देते. घेणारे काय कुक्कुली बाळं आहेत? घरी नेऊन उकळतात."

"निरसं आहे. त्यात तपासायचं काय?"

विकता येऊ नये म्हणून साहेबांनी दोन्ही किटल्यांत निळा रंग ओतला. भोवती मावशींचीच गिऱ्हाईकं होती. म्हातारे मास्तर आपल्या चपलेकडे बघत राहिले.

मावशींना रडू आलं नाही. संताप आला, आणि तो त्यांना फार आवडला.

त्या तशाच घरोघर फिरल्या, या वेळी पुढच्या दाराने. घंटी वाजवायची, "पातेलं आणा, रोजचंच आहे," म्हणायचं आणि निळं दूध मापून ओतायचं, वर थोडं जास्तीचं घालून. साहेबांचं घर त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवलं. साहेब जेवायला आले होते.

"आमच्याकडे पिशवीचं येतं," ते गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले.

बायको पातेलं घेऊन उंबऱ्यात आली. "मग सकाळचा चहा कशाचा होता, तेही सांगा सगळ्यांना."

मावशींनी पातेलं काठोकाठ भरलं.

दुसऱ्या दिवशी त्या गेल्याच नाहीत. वासरांना पोटभर पाजलं. तिसऱ्या दिवशी मास्तर गोठ्यात आले, तेव्हा मावशींनी त्यांच्याकडूनच अर्ज लिहून घेतला: गाई आणि दूध नेमाने तपासा, पण निरसं दूध आम्ही जाणूनबुजून मागतो, ते विकू द्या.

"सही करेल त्याला दूध. पुढच्या दाराने. मागचं दार बंद," मावशी म्हणाल्या.

"आणि त्यांनी पुन्हा अडवलं तर?"

"तर पुन्हा निळं आणीन."

अठरा घरांनी सही केली. एकोणिसावी साहेबांच्या घरची: ती वहिनींनी केली, साहेबांनी केली नाही. म्हणून वहिनी त्यांना कोरा चहा देतात.

"साखर तरी घालता ना?" मावशी रोज पुढच्या दारात मोठ्याने विचारतात.

अर्ज कचेरीत पडून आहे. हुकूम अजून कायम आहे. आणि तुम्ही, तुमच्या मागच्या दाराची कडी रोज सकाळी कोणासाठी निघते?